लॉर्ड ह्यूम : एका उमरावाची पाच नावे

गेल्या वर्षीची गोष्ट. इतिहासाच्या वर्गातील एक विद्यार्थिनी ग्रंथालयातले एक जाडजूड पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. पुस्तकाच्या शेवटची नामसूची तिने उघडून दाखवली आणि म्हणाली, "सर, ह्या सूचीत काहीतरी घोटाळा आहे. १९३८ साली चेंबरलेनबरोबर म्युनिकला गेले ते लॉर्ड डन्ग्लास. १९६० साली परराष्ट्रमंत्री झाले ते अर्ल ऑफ ह्यूम. १९६३ सालचे पंतप्रधान सर ॲलेक डग्लस-ह्यूम. आणि १९७४ नंतर उमरावसभेत बसतात ते लॉर्ड ह्यूम ऑफ द हर्सल. ही चौघेजण एकाच घराण्यातली का?" मी म्हटले, "घराणे एकच, पण माणूसही एकच." तेव्हा तिने विचारले, "मग एवढी नावे का बदलली त्यांनी? पोलीस मागे लागले होते की काय?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एका माणसाला एका आयुष्यात पाच नावे का घ्यावी लागली, हे नीट समजून घेतले तर इंग्लंडचे उमराव, त्यांची संसद आणि त्यांचे राजकारण ह्यांचे निम्मे कोडे उलगडते. तेच आज तुमच्यापुढे उलगडून पाहायचे आहे.

प्रथम उच्चाराचा उलगडा करू. हे आडनाव लिहिताना इंग्रजीत 'होम' असे लिहितात, पण बोलताना 'ह्यूम' असे म्हणतात. स्कॉटलंड आणि इंग्लंड ह्यांच्या सीमेवरचे हे घराणे. कोल्डस्ट्रीम गावाजवळचा 'हर्सल' हा त्यांचा वाडा, आणि लॅनार्क परगण्यातला डग्लस हा दुसरा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या घराण्याकडे एक लाख एकरांहून अधिक जमीन होती. अशा घरात २ जुलै १९०३ रोजी ॲलेकचा जन्म झाला. पाच भाऊ आणि दोन बहिणी. त्यांत ॲलेक सर्वांत थोरला. हे 'थोरला' असणे फार महत्त्वाचे आहे, म्हणून तेथे जरा थांबू.

आपल्याकडे इनाम असो की वतन, भावाभावांत वाटणी व्हायची. वाटणी झाली की तुकडे पडायचे आणि तुकड्यांबरोबर भाऊबंदकीही यायची. इंग्लंडात तसे नाही. तेथे पदवी आणि तिच्यामागची जमीन सबंधच्या सबंध थोरल्या मुलाकडे जाते. धाकट्यांनी सैन्यात जावे, धर्मोपदेशक व्हावे, वकिली करावी किंवा जहाजात बसून हिंदुस्थानात यावे. ह्या रीतीने धाकट्यांवर अन्याय होतो खरा, पण मिळकत मात्र शतकानुशतके अखंड राहते. इंग्रज उमराव इतका काळ का टिकला, ह्याचे एक मोठे कारण ह्या रीतीत आहे.

आता पदवीचे नियम पहा. अर्लचा थोरला मुलगा बापाच्या हयातीत घराण्याची एक दुय्यम पदवी शिष्टाचार म्हणून लावतो. १९१८ साली ॲलेकचे आजोबा, बारावे अर्ल, वारले. त्याचे वडील तेरावे अर्ल झाले आणि चौदा वर्षांचा ॲलेक 'लॉर्ड डन्ग्लास' झाला. पण ही पदवी नुसती शोभेची. कायद्याच्या दृष्टीने तो साधा नागरिकच. त्यामुळे त्याला निवडणुकीला उभे राहून कॉमन्स सभेत बसता येत होते. मात्र वडिलांचा श्वास थांबला की त्या क्षणी तो खरा उमराव व्हायचा आणि त्याच क्षणी कॉमन्समधली त्याची जागा रिकामी व्हायची. त्याला कोणी विचारायचे नाही, आणि त्याने 'नको' म्हटले तरी चालायचे नाही. त्याच्या मतदारांचे मतही कोणी विचारायचे नाही.

ॲलेकचे शिक्षण घराण्याला साजेसे झाले. शाळा ईटनची, पुढे ऑक्सफर्ड. अभ्यासात तो फार चमकला नाही, पण क्रिकेटमध्ये चमकला. क्रिकेटवेड्या मराठी माणसाला हे सांगितलेच पाहिजे की, पहिल्या दर्जाचे क्रिकेट खेळलेला ब्रिटनचा हा एकमेव पंतप्रधान. असे दहा सामने तो खेळला, आणि १९२६-२७ च्या हंगामात एम. सी. सी. च्या संघाबरोबर दक्षिण अमेरिकेचा दौराही करून आला. धावफलकावर नाव अर्थातच 'लॉर्ड डन्ग्लास'. त्याच्याबरोबर ईटनला शिकलेले समीक्षक सिरिल कॉनली ह्यांनी १९३८ साली त्याच्याविषयी लिहिताना अशा अर्थाचे मत दिले की, हा मुलगा अठराव्या शतकात शोभला असता, आजच्या धकाधकीत त्याचा निभाव लागणे कठीण. भाकीत अर्धे खरे ठरले आणि अर्धे खोटे.

अशा मुलाने राजकारणात का पडावे? जमीन होती, मासे पकडायला नदी होती, पक्षी आणि फुलझाडे ह्यांचे वेड होते. पण १९३० च्या सुमारास लॅनार्कच्या कोळसा-मुलुखात भयंकर बेकारी माजली. ॲलेकचे वडील मोठे धर्मशील आणि भिडस्त गृहस्थ. त्यांनी आसपासच्या खाणकामगारांना काम मिळावे म्हणून आपल्या डग्लस येथील वाड्याच्या आवारात कोळसा काढू दिला. परिणाम व्हायचा तोच झाला. जमीन खचू लागली आणि १९३८ च्या सुमारास तो वाडा पाडून टाकावा लागला. लोकांच्या पोटासाठी पूर्वजांचा वाडा पडू देणारा उमराव, हे चित्र मुलाने घरातच पाहिले. पुढे ह्या मुलाच्या हातून काय घडले हे वाचताना त्या खचलेल्या वाड्याची आठवण ठेवा.

१९३१ साली लॉर्ड डन्ग्लास हुजूर पक्षातर्फे साउथ लॅनार्कमधून कॉमन्समध्ये निवडून आला. १९३६ साली त्याने एलिझाबेथ ॲलिंग्टनशी लग्न केले. तिचे वडील सिरिल ॲलिंग्टन म्हणजे ॲलेकच्याच ईटन शाळेचे हेडमास्तर, पुढे डरॅम कॅथीड्रलचे डीन. त्यांना तीन मुली आणि एक मुलगा झाला. राजकारणातही पायरी वर चढली. तो नेव्हिल चेंबरलेन ह्यांचा संसदीय खाजगी चिटणीस झाला, आणि सप्टेंबर १९३८ मध्ये हिटलरशी तडजोड करायला चेंबरलेन म्युनिकला गेले तेव्हा बरोबर हाही होता. त्या तडजोडीने चेकोस्लोव्हाकियाचा बळी दिला, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. म्युनिकचा हा शिक्का ॲलेकच्या कपाळावर कायमचा बसला, आणि त्याने तो पुसण्याची फारशी खटपटही केली नाही.

१९४० साली त्याच्या पाठीच्या कण्याला क्षय झाल्याचे कळले. शस्त्रक्रिया झाली. जवळजवळ दोन वर्षे हा क्रिकेटपटू प्लास्टरच्या साच्यात उताणा पडून होता. बाहेर महायुद्ध पेटले होते, मित्र लढत होते आणि हा छताकडे पाहत होता. त्या दिवसांत त्याने अफाट वाचन केले. त्यात कार्ल मार्क्सही होता. राजकारणी माणसाला कणा बसवून देणारे पहिले डॉक्टर म्हणजे माझे डॉक्टर, असे तो पुढे गमतीने सांगे. पण ह्या गमतीत थोडे तथ्यही असावे. कारण बरा होऊन संसदेत परतल्यावर, १९४५ च्या आरंभी, चर्चिल ह्यांनी याल्टा येथे पोलंडविषयी केलेल्या कराराविरुद्ध आपल्याच सरकारच्या बाकांवरून ज्या थोड्या सभासदांनी तोंड उघडले, त्यांत लॉर्ड डन्ग्लास होता.

कण्याचा विषय निघालाच आहे तर धाकट्या भावाची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ह्या भावाचे नाव विल्यम. तो नाटककार. महायुद्धात तो ब्रिटिश सैन्यात अधिकारी होता. सप्टेंबर १९४४ मध्ये फ्रान्समधील ल हाव्र ह्या बंदरावर हल्ला करायचे ठरले. शहरात हजारो फ्रेंच नागरिक अडकले होते. त्यांना बाहेर पडू द्यावे, ही जर्मन सेनापतीची विनंती ब्रिटिश बाजूने नाकारली. विल्यमने ह्या हल्ल्यात भाग घ्यायला नकार दिला, आणि आपण नकार का दिला हे इंग्लंडमधल्या एका स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहून जाहीर केले. ल हाव्रच्या बाँबवर्षावात सुमारे दोन हजार नागरिक मेले. विल्यमवर लष्करी न्यायालयात खटला चालला, हुद्दा गेला आणि एक वर्षाची सक्तमजुरी झाली. अर्लचा मुलगा तुरुंगात गेला! बाहेर आल्यावर त्याने त्या अनुभवावर नाटक लिहिले.

आणि नाटककार भाऊ घरात असला की घरातल्या गोष्टी रंगभूमीवर जायच्याच. १९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या लाटेत ॲलेक पडला. विल्यमने १९४७ साली त्यावर 'द चिल्टर्न हंड्रेड्‌स' हे विनोदी नाटक लिहिले. त्यात उमरावाचा मुलगा निवडणुकीत पडतो आणि शेवटी घरचा बटलरच हुजूर पक्षाचा झेंडा घेऊन उभा राहतो. इतर भावंडांचेही थोडक्यात सांगतो. हेन्री हा पक्ष्यांचा जाणकार. बी. बी. सी. वरून पक्ष्यांची ओळख करून देणारा हा 'बर्डमॅन' इंग्लंडात घरोघर माहीत होता. हेन्रीचा एक मुलगा चार्ल्स पुढे १९८२ साली लंडनच्या 'टाइम्स'चा संपादक झाला. सर्वांत धाकटा जॉर्ज १९४३ साली विमानदलात असताना कॅनडात मरण पावला. एवंच, पदवी थोरल्याकडे गेली तरी घराण्याचे पाणी सगळ्यांत उतरले होते.

१९५० साली ॲलेक पुन्हा निवडून आला. दीड वर्ष होते न होते तोच, ११ जुलै १९५१ रोजी वडील वारले. झाले! लॉर्ड डन्ग्लास संपला आणि चौदावा अर्ल ऑफ ह्यूम जन्माला आला. कॉमन्सची जागा त्याच क्षणी गेली. ॲलेक आता उमरावसभेत जाऊन बसला. तेथे बसूनही माणसाला मंत्री होता येत होते. १९५५ साली तो राष्ट्रकुलमंत्री झाला आणि १९६० साली परराष्ट्रमंत्री. पण पंतप्रधानपद? ते दार बंद होते.

हे दार बंद कसे झाले, ह्याची कथा आपल्याला जवळची आहे. उमरावसभेतून राज्य चालवणारा शेवटचा पंतप्रधान म्हणजे लॉर्ड सॉल्सबरी. तो १९०२ साली निवृत्त झाला. त्यानंतर १९२३ साली पंतप्रधानपद रिकामे झाले तेव्हा ज्याला आपणच पंतप्रधान होणार अशी खात्री होती, तो म्हणजे आपला पूर्वीचा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. बंगालची फाळणी करणारा कर्झन! पण राजाने निवड केली बॉल्डविनची. कर्झन उमराव असणे हे त्याचे एक मुख्य कारण होते. मजूर पक्ष मुख्य विरोधी पक्ष झाला होता आणि उमरावसभेत त्याचे जवळजवळ कोणीच नव्हते. पुढे मे १९४० मध्ये चेंबरलेन पायउतार होऊ लागले तेव्हा चर्चिलबरोबर दुसरे नाव होते लॉर्ड हॅलिफॅक्सचे. हा हॅलिफॅक्स म्हणजे आपला लॉर्ड आयर्विन. गांधीजींशी १९३१ साली करार करणारा. त्याने स्वतःच सांगितले की उमरावसभेत बसून युद्धकाळात राज्य चालवणे मला जमणार नाही. म्हणजे हिंदुस्थानवर बादशाहासारखे राज्य केलेले दोन व्हाइसरॉय एकाच उंबरठ्याला अडखळले.

आणि हे बंद दार उघडले कोणी? एका समाजवाद्याने! त्याचे नाव अँथनी वेजवुड बेन. ह्या बेनचे वडील १९२९ ते १९३१ ह्या काळात भारतमंत्री होते. मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी आयर्विन दिल्लीत आणि बेन लंडनमध्ये, अशी जोडी होती. १९४२ साली वडील बेन ह्यांनी उमरावपद स्वीकारले. थोरला मुलगा युद्धात मारला गेला, त्यामुळे वारसा धाकट्या अँथनीकडे आला. नोव्हेंबर १९६० मध्ये वडील वारले आणि मजूर पक्षाच्या ह्या तरुण सभासदाला कॉमन्समधून बाहेर काढण्यात आले. बेन चिडला. तो पोटनिवडणुकीला उभा राहिला आणि मे १९६१ मध्ये प्रचंड मतांनी निवडूनही आला. न्यायालयाने सांगितले, "मते मिळाली तरी तू उमराव आहेस," आणि जागा हरलेल्या उमेदवाराला दिली! ह्या अन्यायावर एवढा गदारोळ झाला की अखेर ३१ जुलै १९६३ रोजी कायदा झाला. वारसाने आलेले उमरावपद माणसाला आपल्या हयातीपुरते सोडता येईल, पुढे मुलाला हवे तर ते मुलाकडे जाईल. मूळ मसुद्यात हा कायदा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर अमलात यायचा होता. तो ताबडतोब लागू व्हावा ही दुरुस्ती उमरावसभेनेच केली. पहिला फायदा त्याच दिवशी बेनने घेतला. पण मोठा फायदा घेणारा वेगळाच निघाला.

ऑक्टोबर १९६३ मध्ये हुजूर पक्षाचे अधिवेशन ब्लॅकपूलला भरले असताना पंतप्रधान मॅकमिलन आजारी पडले आणि त्यांनी पद सोडायचे ठरवले. उमेदवार पुष्कळ. सर्वांत अनुभवी म्हणजे बटलर. हेही नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांना परके नाही. बटलर ह्यांचा जन्म १९०२ साली पंजाबातील अटक येथला, आणि त्यांचे वडील सर माँटेग्यू बटलर १९२५ ते १९३३ ह्या काळात मध्यप्रांताचे गव्हर्नर म्हणून नागपुरास होते. पण पक्षात तेव्हा पुढाऱ्याची निवडणूकच होत नसे. मोठी माणसे आपसांत विचारपूस करीत आणि एक नाव 'पुढे येई'. ह्या वेळी पुढे आलेले नाव होते अर्ल ऑफ ह्यूम! १८ ऑक्टोबरला राणी एलिझाबेथ रुग्णालयात मॅकमिलन ह्यांना भेटल्या, त्यांचा सल्ला घेतला, आणि दुसऱ्या दिवशी अर्ल ऑफ ह्यूम पंतप्रधान झाला.

२३ ऑक्टोबरला त्याने उमरावपद सोडले. आता तो 'सर ॲलेक डग्लस-ह्यूम'. हे 'सर' कोठून आले, तर १९६२ साली मिळालेल्या एका मानाच्या सरदारकीमुळे. ती वारसाची नव्हती, म्हणून ती राहिली. पुढे सुमारे पंधरवडा ब्रिटनचा पंतप्रधान संसदेच्या कोणत्याच सभागृहाचा सभासद नव्हता. संसदेचे अधिवेशनही पुढे ढकलावे लागले. ७ नोव्हेंबरला स्कॉटलंडमधील किनरॉस मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेथला हुजूर पक्षाचा तरुण उमेदवार जॉर्ज यंगर ह्याने पंतप्रधानांसाठी आपली जागा मोकळी केली होती. सर ॲलेक ९,३२८ मताधिक्याने निवडून आले. विल्यमने काय केले म्हणाल, तर १९६४ साली ह्याही प्रकरणावर नाटक लिहिले, 'द रिलक्टंट पिअर'!

मजूर पक्षाचे पुढारी हॅरल्ड विल्सन ह्यांना आयतेच हत्यार मिळाले. लोकशाहीची वाटचाल चौदाव्या अर्लपाशी येऊन थांबली, अशी त्यांनी टर उडवली. त्यावर एका मुलाखतीत सर ॲलेकने शांतपणे उत्तर दिले, की विचार केला तर मिस्टर विल्सन हेही चौदावे मिस्टर विल्सनच असतील. उत्तर फक्कड होते. जन्माबद्दल माणसाला हिणवू नये, मग तो झोपडीत जन्मलेला असो की वाड्यात, हा त्यातला मुद्दा कोणालाही पटण्यासारखा. जातीवरून माणूस तोलण्याची सवय जडलेल्या आपल्या समाजाला तर तो विशेष कळावा.

पण वाचकहो, येथे जरा सावध राहिले पाहिजे. उत्तर फक्कड असले तरी पुरे नव्हते. कारण आक्षेप सर ॲलेकच्या आजोबा-पणजोबांना नव्हता. त्यांची निवड कशी झाली, ह्याला होता. त्यांच्याच पक्षातील आयन मॅक्लाउड आणि इनॉक पॉवेल ह्या दोघांनी त्यांच्या मंत्रिमंडळात यायला नकार दिला. जानेवारी १९६४ मध्ये मॅक्लाउड ह्यांनी एका साप्ताहिकात लिहून सगळे उघड केले. निवड करणाऱ्या ह्या मोजक्या माणसांचे त्यांनी 'जादूचे वर्तुळ' असे वर्णन केले आणि दाखवून दिले की त्या वर्तुळातले जवळजवळ सगळे ईटनचेच विद्यार्थी. म्हणजे पदवी सोडली होती, पण पदवीबरोबर येणारे सगळे काही सोडता येत नव्हते. शाळा, ओळखी, चहाच्या टेबलावरचा विश्वास ह्यांचा राजीनामा कोणत्या कायद्याने देणार?

सर ॲलेकचा कारभार ३६३ दिवस चालला. अर्थशास्त्राचे हिशेब आपण आगपेटीच्या काड्या मांडून करतो, असे त्यांनी १९६२ साली एका मुलाखतीत सांगून टाकले होते. विरोधकांनी त्या काड्या शेवटपर्यंत पेटत्या ठेवल्या. दूरचित्रवाणीवर त्यांचा चेहरा शोभत नसे. तरीही १५ ऑक्टोबर १९६४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ३१७, हुजूर पक्षाला ३०४ आणि लिबरलांना ९ जागा मिळाल्या. ६३० च्या सभागृहात अवघ्या चारांचे बहुमत! सर्वांनी मोडीत काढलेला उमराव थोडक्यात हरला.

त्या वर्षातली एक घटना पुष्कळ वर्षे कोणाला माहीत नव्हती. एप्रिल १९६४ मध्ये ते ॲबर्डीनजवळ स्नेह्यांच्या घरी एकटेच असताना काही डावे विद्यार्थी दाराशी आले. पंतप्रधानांनीच दार उघडले. "आम्ही तुम्हाला पळवून नेणार," पोरे म्हणाली. सर ॲलेकने शांतपणे समजावले की असे केलेत तर निवडणूक आमचाच पक्ष जिंकेल! मग त्यांनी पोरांना बिअर दिली, गप्पा मारल्या आणि बेत बारगळला. अंगरक्षक त्या वेळी दुसरीकडे होता. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी ही गोष्ट गुप्त ठेवली. त्यांचे सहकारी लॉर्ड हेल्शम ह्यांच्या रोजनिशीतील नोंदीमुळे २००८ साली ती जगाला कळली.

आता आपल्या हिताच्या दृष्टीने ह्या माणसाचा हिशेब मांडू. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोवा मुक्त केला तेव्हा ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री हेच. सुरक्षा समितीत भारताविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने ब्रिटनने मत दिले. सोव्हिएट रशियाच्या नकाराधिकारामुळे तो ठराव पडला. त्याच महिन्याच्या अखेरीस बेरिक येथील भाषणात ह्यूमसाहेबांनी संयुक्त राष्ट्रसंघावर कडक टीका केली, आणि तीत गोव्याचाही उल्लेख होता. साडेचारशे वर्षांची गुलामी संपल्याचा आनंद त्यांना दिसला नाही. वाड्याच्या खिडकीतून फार लांबचे दिसतेच असे नाही. दहा वर्षांनी, १९७१ साली, हेच गृहस्थ पुन्हा परराष्ट्रमंत्री होते. बांगला देशाच्या युद्धात अमेरिकेने भारताविरुद्ध ठराव आणले तेव्हा ब्रिटनने बाजूला राहून मतदान केले नाही. दहा वर्षांत एवढा फरक पडला होता.

आणि त्या वर्षी लंडनमध्ये भारताचे हायकमिशनर कोण होते माहीत आहे? औंधचे अप्पासाहेब पंत. राजघराण्यातला हा मुलगा. पण त्याचे वडील बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने, औंध संस्थानची सत्ता आपण होऊन प्रजेच्या हाती दिली होती. त्या वेळी आपल्याकडे इंग्रजांचे राज्य होते आणि सत्ता सोडा असे त्यांना कोणी कायद्याने सांगितले नव्हते. स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने पदव्याच रद्द केल्या.

ह्या तुलनेवरून तुम्ही म्हणाल, तर मग सर ॲलेकने केले ते काय मोठे? एक नाव टाकले आणि त्याच्या बदल्यात पंतप्रधानपद घेतले. हा त्याग नव्हे, सौदा झाला. मलाही बरीच वर्षे तसेच वाटे. पण पुढची गोष्ट पहा. निवडणूक हरल्यावर पक्षाची सूत्रे त्यांच्याच हाती होती. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली हुजूर पक्षाने पुढारी निवडण्याची नवी पद्धत मान्य केली : कॉमन्समधील पक्षाच्या सभासदांनी मते द्यावीत आणि मोजून पुढारी ठरवावा. जुलैमध्ये सर ॲलेक स्वतः बाजूला झाले. ह्या पद्धतीने पहिला पुढारी निवडून आला तो एडवर्ड हीथ, एका सुताराचा मुलगा. आणि १९७० साली हीथ पंतप्रधान झाले तेव्हा माजी पंतप्रधान सर ॲलेक कसलाही कमीपणा न मानता त्यांच्या हाताखाली परराष्ट्रमंत्री म्हणून काम करू लागले. पदवी सोडण्यापेक्षा हे अवघड. ज्या दाराने आपण आत आलो ते दार बरोबर नव्हते, हे ओळखून त्यांनी ते बंद केले आणि सगळ्यांसाठी दुसरे उघडले. आपल्या वाड्याखालचा कोळसा काढू देणाऱ्या बापाचा हा मुलगा, हे मला येथे दिसते.

१९७४ साली त्यांना हयातीपुरते उमरावपद मिळाले, ते पाचवे नाव, 'लॉर्ड ह्यूम ऑफ द हर्सल'. ९ ऑक्टोबर १९९५ रोजी हर्सलच्या त्याच वाड्यात, ९२ व्या वर्षी, ते वारले. बाजूला ठेवलेली जुनी पदवी त्यांच्या मुलाने उचलली आणि डेव्हिड पंधरावे अर्ल झाले. चारच वर्षांनी, १९९९ साली, वारसाहक्काने उमरावसभेत बसण्याचा बहुतेक उमरावांचा अधिकार कायद्याने काढून घेण्यात आला.

हे सगळे मी वर्गात सांगितले तेव्हा त्या मुलीने वहीत पाच नावे एकाखाली एक लिहिली. मग तिने विचारले, "सर, ह्यातले त्यांनी स्वतः मिळवलेले नाव कोणते?" मी क्षणभर थांबलो. पहिली तीन जन्माने आली, शेवटची दोन राज्याने दिली. म्हणून मी तिला एवढेच सांगितले, "बाई, नावे मोजू नकोस. १९६५ साल लिहून ठेव."